बॉलातली हवा आणि कापसातला ओलावा

पुसातली रात्र होती. हरभऱ्याच्या वावरात रानडुकरं शिरतात म्हणून आम्ही तिघं जागलीला गेलो होतो. मी, पुण्याच्या कंपनीत काम करणारा माझा भाचा, आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त, जो गावातच शेती आणि कृषी केंद्र दोन्ही सांभाळतो. पऱ्हाट्या टाकून शेकोटी पेटवली आणि या दोघांचं भांडण पेटलं. विषय काय, तर अमेरिकेतल्या टॉम ब्रेडी नावाच्या खेळाडूच्या बॉलमध्ये हवा किती होती, आणि ती मुद्दाम कमी केली होती का.

"तो चोरच हाय," दोस्त म्हणाला. "कर नाही त्याले डर कायले? फोन कायले फोडला मंग त्यानं?"

"थंडीनं हवा कमी होते बे," भाचा उसळला. "बारावी सायन्स केलं नं तू?"

"ते राहू दे. फोनचं सांग."

"तू हवेचं सांग आधी."

मध्यरात्रीपर्यंत हेच चाललं. एक फोनवरून हलेना, दुसरा हवेवरून हलेना. मला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. पण ऐकता ऐकता मला आमच्या बाबांची कापसाची बंडी आठवली आणि झोप उडाली. त्यानंतर हे प्रकरण मी मन लावून वाचलं, आणि ज्यांना ते नीट कळलं नाही त्यांच्यासाठी सोपं करून लिहितो आहे.

आधी खेळ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायानं खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यांचा बॉल लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा. तो हातात धरून पळतात आणि हातानं फेकतात. फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. टॉम ब्रेडी हा तेव्हा न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा क्वार्टरबॅक होता, आणि या खेळातल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक. क्रिकेटमध्ये आपल्याकडे सचिन जसा, तसा तिकडे तो.

नियम असा की बॉलमध्ये हवेचा दाब 12.5 ते 13.5 पीएसआय असला पाहिजे. आपल्या पंक्चरवाल्याकडे आपण "तीस पौंड भर" म्हणतो, तोच हा पीएसआय. 2006 पासून तिथे प्रत्येक संघ आक्रमण करताना आपापले बॉल वापरतो. ही मुभा मिळावी म्हणून ज्या क्वार्टरबॅकनी खटपट केली त्यात ब्रेडी स्वतः होता. कारण उघड आहे, बॉल हातात कसा बसतो यावर फेक ठरते. हवा थोडी कमी असली की बॉल जरा मऊ लागतो, बोटं रुततात, आणि पावसात, थंडीत पकड सुटत नाही. ब्रेडीला बॉल नियमाच्या खालच्या टोकाला, म्हणजे 12.5 वर आवडायचा. इथपर्यंत सगळं नियमात.

18 जानेवारी 2015. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉक्सबरो गावी पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा सामना. जिंकेल तो अंतिम सामन्यात जाणार. पाऊस आणि थंडी. ब्रेडीनं फेकलेला एक बॉल कोल्ट्सच्या खेळाडूनं मधेच पकडला, आणि तो मऊ असल्याचा संशय पंचांपर्यंत गेला. मध्यंतराला पेट्रियट्सचे 11 बॉल मोजले. सगळे 12.5 च्या खाली. तेव्हा गुण होते 17-7. सगळ्या बॉलमध्ये पुन्हा हवा भरून दिली. पुढच्या अर्ध्यात पेट्रियट्सनी आणखी 28 गुण केले, समोरच्यांना एकही करू दिला नाही. सामना 45-7. "मऊ बॉलमुळे जिंकले" असं आजही कुणी म्हटलं तर त्याला हे आकडे दाखवावेत. पण हेही खरं की जिंकायला गरज नव्हती म्हणून लबाडी केलीच नसेल, असं होत नाही.

दोनच दिवसांत ईएसपीएनवरच्या एका पत्रकारानं बातमी दिली की 12 पैकी 11 बॉलमध्ये हवा तब्बल दोन-दोन पौंडांनी कमी होती. ही बातमी चूक होती. प्रत्यक्ष मोजणीत बहुतेक बॉल एकाच्या आसपास पौंडानं कमी होते. पण खरे आकडे लोकांसमोर यायला मे महिना उजाडला. तोवर साऱ्या देशाचं मत होऊन बसलं होतं. आमच्याकडे म्हणतात तसं, बोभाटा आधी, पंचनामा मागून.

आता हवेचं. हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण चाहत्यांचं अर्धं भांडण इथेच अडतं.

आमच्या शाळेच्या मैदानावर पोरं व्हॉलीबॉल खेळतात. थंडीच्या दिवसांत बॉल रात्री ओट्यावर राहिला, तर सकाळी अंगठा दाबला की आत जातो. पोरं पंप शोधायला धावतात. त्यातलंच एखादं शहाणं पोरगं म्हणतं, थांबा, उन्हात ठेवा. दहा-अकरा वाजता तोच बॉल पुन्हा टणक. हवा कुणी काढली नाही, कुणी भरली नाही. आतली हवा थंड झाली की तिचा जोर कमी होतो, तापली की वाढतो.

किती कमी होतो? इथे एक मेख आहे. हवेचा मीटर आतला पूर्ण दाब दाखवत नाही. बाहेरच्या हवेपेक्षा आत जेवढा जास्त, तेवढाच दाखवतो. बाहेरच्या हवेचाच दाब सुमारे 14.7 असतो. म्हणजे मीटरवर 12.5 दिसलं तर आत खरं 27.2 आहे. थंडीचा मार बसतो तो या पूर्ण 27.2 वर. आणि तापमानही आपलं नेहमीचं धरून चालत नाही, शून्याखाली 273 अंशांपासून मोजावं लागतं. खोलीत 22 अंश म्हणजे 295. बाहेर मैदानात 9 अंश, म्हणजे 282. आता 27.2 ला 282 नं गुणा, 295 नं भागा. येतात 26. त्यातून बाहेरचे 14.7 वजा करा. मीटर दाखवेल 11.3.

म्हणजे खोलीत काटेकोर 12.5 भरलेला बॉल 9 अंशांच्या थंडीत नेला की आपोआप 11.3 वर येतो. नियमाच्या खाली, पूर्ण एक पौंडापेक्षा जास्त. आणि 9 अंश म्हणजे काही ध्रुवावरची थंडी नाही. त्या रात्री आम्ही जागलीला बसलो होतो तेव्हा वावरात तेवढीच थंडी असेल. भाच्याचं म्हणणं एवढंच होतं आणि ते शंभर टक्के खरं आहे.

मग वाद राहिला कुठे? वाद राहिला मीटरमध्ये. मध्यंतराला दोन मीटरनी मोजलं. एकावर पेट्रियट्सच्या बॉलची सरासरी 11.49 आली, दुसऱ्यावर 11.11. दोन मीटरमध्ये सरासरी 0.38 चा फरक. थंडीनं किती कमी व्हायला हवं याचा चौकशीतल्या तज्ज्ञांचा हिशोब होता 11.32 ते 11.52. सामन्याआधी पंचानं पहिल्या मीटरनं मोजलं असेल तर 11.49 बरोबर बसतं आणि सगळा दोष थंडीचा. दुसऱ्या मीटरनं मोजलं असेल तर 11.11 कमी पडतं, म्हणजे कुणीतरी हवा सोडली. पंचाला विचारलं तर त्याच्या आठवणीप्रमाणे पहिला मीटर वापरला होता. चौकशीनं मात्र दुसरा वापरला असणं जास्त संभवनीय धरलं. आणि सामन्याआधी कुठल्या बॉलमध्ये किती हवा होती, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवतात तसा फोन खाली ठेवला. लिहून ठेवलं नव्हतं! माणसाची आयुष्यभराची अब्रू पणाला लागली, कोट्यवधी डॉलर वकिलांवर गेले, आणि पहिली मोजणी कागदावर नाही.

समोरच्या कोल्ट्सचे बॉलही मोजले, पण चारच. वेळ संपला. त्या चारांपैकी तीन एका मीटरवर 12.5 च्या खाली होते. त्यांना कुणी काही म्हटलं नाही. पण इथेही घाई करू नये. कोल्ट्सचे बॉल मुळात 13 च्या आसपास भरलेले होते, आणि ते नंतर मोजले गेले. तोवर उबदार खोलीत राहून त्यांची हवा परत चढली होती. त्यामुळे "त्यांचे ठीक, यांचे कमी, म्हणून हे चोर" असं म्हणता येत नाही, आणि "दोघांचे सारखेच" असंही म्हणता येत नाही.

आता बाबांची बंडी सांगतो.

कापसाच्या खरेदीत मॉइश्चर मीटर काय चीज आहे, हे यवतमाळ-वर्ध्याकडच्या माणसाला सांगायला नको. पण बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, नियमात कापसात ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण हमीभाव. 8 ते 12 च्या मध्ये असेल तर तेवढी कपात. 12 च्या वर गेला तर माल परत. आता कापूस हा हवेतला ओलावा ओढून घेणारा. दवाच्या वेळी वेचलेला, रात्रभर उघड्यावर बंडीत उभा राहिलेला कापूस सकाळी एक आकडा दाखवतो आणि दुपारी उन्हात दुसराच. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारेही असतात, नाही कशाला म्हणू. मीटरला या दोघांतला फरक कळत नाही. त्याला फक्त ओलावा कळतो.

बाबा पहाटे चारला बंडी जुंपून निघाले. मी वर गाठोड्यांवर झोपलेला, दहा-अकरा वर्षांचा. केंद्रावर रांग होती. सकाळी साडेसातला नंबर लागला. मापाऱ्यानं वरच्याच थरात सुई खुपसली. 14. "पाणी मारलं बुढ्यानं," तो शेजारच्याला म्हणाला, बाबांना ऐकू जाईल असं. बाबांनी एक शब्द काढला नाही. हातातलं टोकन त्याच्या टेबलावर टाकलं, बैलांचे कासरे धरले आणि बंडी वळवली. त्याच दिवशी दुपारी खेडा खरेदीवाल्याला क्विंटलमागे कितीतरी कमी भावानं कापूस दिला.

गावात चर्चा काय झाली? "चोर नसता तं तिथंच उभा राह्यला असता." "दुपारी पुन्हा मोजा म्हणाला असता." "चोराच्या मनात चांदणं." बाबांच्या कापसात पाणी होतं की नव्हतं हे कुणी विचारलंच नाही. त्यांनी बंडी वळवली, तोच पुरावा ठरला. मला ते आजही खुपतं. मी तो कापूस वेचला होता. आईनं, आत्यानं, मी. बोटं गारठली होती आमची दवानं.

म्हणून ब्रेडीनं कसं उत्तर दिलं, यावर लोक कसे तुटून पडले, हे वाचताना मला ते सगळं ओळखीचं वाटलं.

22 जानेवारी 2015 ला तो पत्रकारांसमोर आला. एकानं सरळ विचारलं, टॉम ब्रेडी लबाड आहे का? तो म्हणाला, मला तसं वाटत नाही. झालं. "नाही" असं ठणकावून का नाही म्हणाला? आपल्याबद्दल कुणी असं विचारलं तर कुणी "मला वाटत नाही" म्हणतं का? त्याच बैठकीत तो असंही म्हणाला होता की नियम मोडणारं मी काही करणार नाही. ते वाक्य मागे पडलं आणि अडखळलेलं वाक्य पुढे राहिलं. माणूस गोंधळला की अर्धवट बोलतो, शंभर कॅमेऱ्यांसमोर तर नक्कीच. त्या एका वाक्यावरून मी तरी कुणाला चोर म्हणणार नाही.

पण पुढचं इतकं सोपं नाही. लीगनं, म्हणजे तिकडे हे सामने भरवणाऱ्या एनएफएल या संस्थेनं, टेड वेल्स नावाच्या वकिलाला चौकशीला नेमलं. 6 मे 2015 ला त्याचा 243 पानी अहवाल आला. त्यात संघाच्या दोन कर्मचाऱ्यांचे एकमेकांना पाठवलेले मेसेज होते. जिम मॅकनॅली हा पंचांच्या खोलीत राबणारा माणूस, जॉन जास्त्रेम्स्की हा बॉल तयार करणारा. मॅकनॅलीनं 2014 च्या मेमध्ये स्वतःला "डिफ्लेटर" म्हणवलं होतं, म्हणजे हवा सोडणारा. संघानं खुलासा केला की तो वजन कमी करण्याबद्दल बोलत होता. हा खुलासा ऐकून माझा भाचासुद्धा मान खाली घालतो. आणखी एक गोष्ट. सामन्याआधी मॅकनॅली तपासलेले बॉल घेऊन पंचांच्या परवानगीशिवाय निघाला आणि वाटेत एका स्वच्छतागृहात शिरून आतून कडी लावली. कॅमेऱ्यात वेळ दिसते, 1 मिनिट 40 सेकंद. आणि सहा महिन्यांहून जास्त काळ ब्रेडी आणि जास्त्रेम्स्की यांचं फोनवर बोलणं नव्हतं, ते या प्रकरणाला तोंड फुटताच पुन्हा पुन्हा सुरू झालं.

उलट बाजूचाही मेसेज आहे, तो चाहते विसरतात. 2014 च्या ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात पंचांनी काही बॉल जवळपास 16 पर्यंत फुगवले होते आणि त्यावर ब्रेडी भडकला होता. म्हणजे हवेवर त्याचं बारीक लक्ष होतं. त्याला नियमातला बॉल हवा होता की नियमाखालचा, हे त्यातून कळत नाही.

हा सूर्य आणि हा जयद्रथ, असा पुरावा अहवालात कुठेच नाही. अहवालाचा निष्कर्ष असा की या दोघांनी मुद्दाम हवा सोडली असण्याची शक्यता, नसण्यापेक्षा जास्त आहे, आणि ब्रेडीला याची निदान साधारण कल्पना असण्याची शक्यता जास्त आहे. "शक्यता जास्त आहे" हे ऐकून पुष्कळ जण चिडले. अशी कुठं शिक्षा होते का?

होते. आपल्याकडेही होते. खुनाच्या खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. पण ग्रामसेवकाची किंवा शिक्षकाची विभागीय चौकशी लागते तेव्हा संभाव्यतेचं पारडं कुठे झुकतं तेवढंच पाहतात. म्हणूनच कोर्टातून सुटलेला माणूस खात्याच्या चौकशीत दोषी ठरू शकतो. ब्रेडीची चौकशी ही या दुसऱ्या जातीची होती. लीगच्या अशा चौकशीला तेवढंच लागत होतं. कमी पुराव्यावर मोठी शिक्षा द्यावी का, हा प्रश्न वेगळा, आणि रास्त आहे.

आता फोन. दोस्ताचा हुकमी एक्का. वेल्सनं ब्रेडीकडे मेसेज मागितले. फोन हातात देऊ नका, तुमच्या वकिलानंच त्यातून संबंधित तेवढे काढून द्यावेत, असंही सांगितलं. ब्रेडीनं नकार दिला. 6 मार्च 2015 ला त्याची वेल्ससमोर जबानी झाली, आणि त्याच सुमारास त्याच्या सांगण्यावरून त्याच्या सहायकानं तो फोन नष्ट केला. नोव्हेंबरपासून वापरात असलेल्या त्या फोनमध्ये सुमारे 10,000 मेसेज होते. हे लोकांना कळलं थेट 28 जुलैला, जेव्हा लीगचे प्रमुख रॉजर गुडेल यांनी त्याचं अपील फेटाळलं. दुसऱ्या दिवशी ब्रेडीनं फेसबुकवर लिहिलं की जुना फोन बिघडला होता, आणि तो कोणत्याही परिस्थितीत चौकशीसाठी देणार नाही हे वकिलांनी आधीच कळवलं होतं, म्हणून नवीन घेतला.

त्याची बाजू अशी मांडता येते. तो सरकारी आरोपी नव्हता, नोकरीतला माणूस होता. मालकानं खाजगी फोन मागायचा का? आज त्यानं दिला तर उद्या प्रत्येक खेळाडूकडे मागतील. फोनमध्ये बायको-मुलांचं बोलणं असतं, पैशांचे व्यवहार असतात. हे सगळं पटण्यासारखं आहे. फोन न देणं हा मी त्याचा गुन्हा मानत नाही.

पण न देणं आणि नष्ट करणं यात फरक आहे. जुना भारतीय पुरावा कायदा होता, त्याच्या कलम 114 मध्ये एक दाखला दिलेला होता, आता तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 119 मध्ये आहे. जो पुरावा माणूस दाखवू शकत होता आणि त्यानं रोखून धरला, तो दाखवला असता तर त्याच्याच विरुद्ध गेला असता, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. "शकतं" हा शब्द महत्त्वाचा. धरलंच पाहिजे असं नाही. गावातल्या म्हणीत आणि कायद्यात हाच फरक आहे. म्हण म्हणते, कर नाही त्याला डर कशाला, आणि तिथेच निकाल देते. कायदा म्हणतो, संशय घ्यायला जागा आहे, आता बाकीचं पाहा.

माझं स्वतःचं मत मी लपवत नाही. हवेचा पुरावा मला लंगडा वाटतो, कारण मीटर कोणता हेच ठरत नाही. मॅकनॅलीचं मला ठीक वाटत नाही. बॉल घेऊन कडी लावलेल्या खोलीत जायचं काय काम होतं? ब्रेडीला माहीत होतं का, हे मला कळत नाही. आणि फोनचं त्यानं स्वतःच्या हातानं वाटोळं केलं. चौकशी चालू आहे हे माहीत असताना तो फोन कपाटात ठेवून देता आला असता. त्यात काही नसेल तर त्याला सोडवणारी एकमेव वस्तू त्यानंच नाहीशी केली. मी हे रागानं म्हणत नाही. बाबांनीही तेच केलं. दुपारी उन्हात पुन्हा मोजा, असं ते म्हणाले असते तर मीटरनंच त्यांना सोडवलं असतं. अपमान सहन झाला नाही म्हणून त्यांनी आपला साक्षीदारच बंडीत घालून परत आणला आणि विकून टाकला.

शिक्षा 11 मे ला झाली होती. ब्रेडीला चार सामन्यांची बंदी. संघाला 10 लाख डॉलर दंड आणि नवीन खेळाडू निवडण्याच्या दोन संधी काढून घेतल्या. बॉलशी छेडछाड केल्याबद्दल लीगच्या पुस्तकात लिहिलेला दंड होता 25,000 डॉलर, तोही "इतर कारवाईसह" असा सैल. शिक्षेला मंजुरी देणारे गुडेल आणि अपील ऐकणारेही गुडेल. तहसीलदाराच्या निकालावर अपील करायला आपण एसडीओकडे जातो. इथे तहसीलदाराच्या निकालावर अपील तहसीलदाराकडेच.

प्रकरण कोर्टात गेलं, आणि चाहत्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. 3 सप्टेंबर 2015 ला न्यायाधीश रिचर्ड बर्मन यांनी बंदी उठवली. "बघा, निर्दोष सुटला!" 25 एप्रिल 2016 ला वरच्या कोर्टानं दोन विरुद्ध एक मतानं बंदी परत लावली. "बघा, दोषी ठरला!" यातलं एकही खरं नाही. हवा काढली की नाही, हे दोन्ही कोर्टांनी ठरवलंच नाही. बर्मन म्हणाले, दुसऱ्याच्या गैरकृत्याची साधारण कल्पना असण्याबद्दल चार सामने बंदी होऊ शकते, हे खेळाडूला आधी माहीतच नव्हतं. वरचं कोर्ट म्हणालं, खेळाडूंच्या संघटनेनंच सही केलेल्या करारात कलम 46 खाली प्रमुखाला हे अधिकार दिले आहेत, ते त्यानं वापरले. ते अधिकार शहाणपणानं वापरले का, हे पाहणं आमचं काम नाही. निकाल कराराचा होता, बॉलचा नव्हता.

मी हे भाच्याला आणि दोस्ताला दोघांनाही सांगितलं. शेकोटीवरच्या त्यांच्या भांडणात खरं तर तीन भांडणं गुंतलेली होती. हवा कुणी काढली का? चौकशीला ब्रेडी नीट वागला का? आणि शिक्षा द्यायचा अधिकार कुणाला होता? भाचा पहिल्याचं उत्तर तिसऱ्याला देत होता, दोस्त दुसऱ्याचं उत्तर पहिल्याला. मग जुळणार कसं?

आणि हे फक्त अमेरिकेतल्यांचं होतं असं समजू नका. नोव्हेंबर 2001 मध्ये पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सचिनचं बोट बॉलच्या शिवणीवर फिरताना कॅमेऱ्यात दिसलं. सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याच्यावर एका कसोटीची बंदी लावली, पण लगेच लागू न होणारी, आणखी पाच भारतीय खेळाडूंनाही शिक्षा झाली. आमच्या गावात तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या एकानंही "शिवणीत काय करत होता?" असं विचारलं नाही. डेनेसचे पुतळे जाळले गेले. पुढे आयसीसीनं स्पष्ट केलं की दोष बॉलशी छेडछाड केल्याचा नव्हता, पंचाला न सांगता बॉल साफ केल्याचा होता. सचिन आमचा होता, म्हणून आम्ही आधीच निकाल लावून बसलो होतो. निकाल बरोबर निघाला, पण तो आम्ही पुरावा पाहून दिलेला नव्हता. ब्रेडीच्या बॉस्टनकडच्या चाहत्यांना मी म्हणूनच हसत नाही.

15 जुलै 2016 ला ब्रेडीनं पुढे अपील करणार नाही असं जाहीर केलं. हंगामातले पहिले चार सामने तो बाहेर बसला. त्याच हंगामाच्या शेवटी, 5 फेब्रुवारी 2017 च्या अंतिम सामन्यात, त्याचा संघ अटलांटाविरुद्ध 28-3 असा मागे पडला आणि 34-28 असा जिंकला. भाच्याला हा सामना तोंडपाठ आहे. दोस्त म्हणतो, त्यानं काय सिद्ध होते? काहीच नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

2015 च्या हंगामापासून लीगनं पद्धत बदलली. बॉलवर नंबर घालतात, सामन्याआधीचा दाब लिहून ठेवतात आणि काही सामन्यांत मध्यंतराला पुन्हा मोजतात.

आमच्या घरीही बदल झाला होता. पुढच्या वर्षी बाबांनी वेचणी दव सुकल्यावरच करायची असं ठरवलं. बंडी रात्री ताडपत्रीखाली झाकली. नंबर सकाळी लागला तरी मागच्याला पुढे जाऊ दिलं आणि ऊन चढेपर्यंत थांबले. मापाऱ्यानं सुई खुपसली तेव्हा मला म्हणाले, "आकडा वहीत लिही." माझी शाळेची वही होती. गणिताच्या मागच्या पानावर मी लिहिलं: 8.